विहिरीपासून सुरुवात करा : कोकणात पर्यावरण-आरोग्याचे नवे संशोधक घडवताना

नुकताच एम.एस्सी. झालेला किंवा पीएच.डी.ला नाव नोंदवलेला विद्यार्थी या विषयाकडे वळतो तेव्हा त्याच्या डोक्यात बहुधा मोठा प्रश्न असतो : खाडीत सुटणारे रासायनिक सांडपाणी, मासळीतला पारा, एखाद्या पट्ट्यातला कर्करोग. प्रश्न खरे आहेत, पण पहिल्या वर्षाला ते पेलत नाहीत. पाऱ्याची तपासणी महाग पडते, कर्करोगाच्या अभ्यासाला वर्षानुवर्षे लागतात आणि गावात पहिल्याच दिवशी कारखान्याचा विषय काढला की पुढची सगळी उत्तरे त्याच दिशेने येऊ लागतात. पिण्याच्या विहिरीचे तसे नाही. मोजमाप स्वस्त आहे, निकाल एक-दोन दिवसांत कळतो, चूक लगेच उघडी पडते आणि निकालाचा गावाला त्याच आठवड्यात उपयोग होतो.

म्हणून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांतील मार्गदर्शकांनी नव्या संशोधकाचे पहिले वर्ष एकाच प्रश्नावर घालवावे : या वाड्यांतले लोक पितात ते पाणी वर्षाच्या कोणत्या काळात, कुठे आणि कशाने बिघडते? वर्षअखेरीस त्याला स्वतःच्या प्रत्येक आकड्याबद्दल ‘हा खरा का मानायचा?’ याचे उत्तर देता आले, तर पुढे पारा असो की धूळ, तो कुठेही उभा राहील.

पहिला महिना : उपकरणाशिवाय

पहिला महिना हातात मीटर देऊ नका. वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि गावाचा हाताने काढलेला नकाशा पुरे. पेन्सिलच का? जेल पेनची शाई पहिल्याच सरीत पसरते. वहीची पाने आधीच क्रमांक घालून ठेवावीत, पान फाडू नये. चूक झाली तर एकच रेघ मारून बाजूला सही व तारीख टाकावी. खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे.

या महिन्यात विद्यार्थ्याने प्रत्येक विहिरीची पाहणी करायची. कठडा आहे का आणि किती उंच, भोवतालच्या ओट्याला भेगा आहेत का, कपडे कुठे धुतात, गुरे कुठवर येतात, दोर आणि पोहरा जमिनीवर ठेवतात की टांगून, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे शौचालयाचा शोषखड्डा विहिरीच्या चढावर आहे की उतारावर. खड्डा आणि विहीर यांत १५ मीटर अंतर असावे हा नेहमीचा नियम जांभ्या दगडात पुरेसा धरू नये. जांभा सच्छिद्र असतो, त्यात पोकळ्या आणि भेगा असतात. मातीतून गाळले जात जाणारे पाणी इथे थेट वाट काढते.

याच महिन्यात ग्रामपंचायतीत बसून टीसीएलची (पाणी शुद्ध करायला टाकतात त्या ब्लीचिंग पावडरची) नोंदवही आणि स्वच्छता सर्वेक्षणात गावाला मिळालेले कार्ड (लाल, पिवळे की हिरवे) पाहावे. जलसुरक्षक (गावाच्या पाण्यात टीसीएल टाकणारा), आरोग्यसेवक, आशाताई, अंगणवाडीताई यांच्याशी ओळख करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळपास असेल, तर तिच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदी मागाव्यात. आशाताईंकडून घरे दाखवून घ्यायची असतील तर त्याचे मानधन आराखड्यातच धरा. त्यांच्याकडे आधीच पुष्कळ कामे आहेत आणि फुकट मदतीवर उभा राहिलेला अभ्यास मध्येच ढासळतो.

मानवी आचारनीती समितीकडे प्रस्ताव याच महिन्यात जायला हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थ्याने स्वतः वाचावीत, निदान संमतीचे आणि समाजाधारित संशोधनाचे प्रकरण तरी. मंजुरीच्या आधी गोळा केलेली माहिती नंतर मंजूर करून घेता येत नाही. सरपंचांची किंवा ग्रामसभेची परवानगी आवश्यक आहे, पण ती घराघरातल्या व्यक्तीच्या संमतीची जागा घेत नाही. सही न करणाऱ्याचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा आणि संमतिपत्राची एक प्रत त्या घरात राहिली पाहिजे.

घरांची यादी, म्हणजे भागाकाराचा खालचा आकडा

नवे संशोधक सर्वात जास्त इथे फसतात. ‘शंभरातल्या किती घरांत जुलाब झाले’ हे सांगायचे तर आधी घरे किती, हे माहीत हवे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरांची यादी मिळते, पण त्यात बंद घरेही असतात. मालक मुंबईत, कुलूप वर्षभर, माणसे गणपतीला आणि शिमग्याला. ती यादी तशीच वापरली तर अर्धी घरे ‘प्रतिसाद नाही’ म्हणून पडतात. उलट गणपतीच्या आठवड्यात पाहणी केली तर गावाची लोकसंख्या फुगलेली असते, विहिरीवर उपसा वाढलेला असतो आणि आजारी माणूस मुंबईहून ताप घेऊन आलेला असू शकतो. म्हणून व्याख्या आधी लिहून ठेवा : गेल्या ३० रात्रींपैकी किमान २० रात्री या घरात राहून एकाच चुलीवरचे जेवणारे, ते एक कुटुंब. २० ऐवजी दुसरा आकडा घेतला तरी हरकत नाही, पण तो पाहणी सुरू होण्याआधी ठरलेला असावा.

नमुना किती मोठा घ्यायचा, हे विद्यार्थ्याकडून कागदावर काढून घ्या. दूषित पाणी पिणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण साधारण ५० टक्के धरले आणि १० टक्क्यांच्या फरकाने ते सांगायचे असेल, तर ९६ कुटुंबे लागतात. हे गणित सुटी सुटी निवडलेल्या घरांचे आहे. आपण वाडी निवडतो आणि वाडीतून १० घरे घेतो. एका वाडीतली घरे एकमेकांसारखी असतात. त्यासाठीचा गुणक असा : १ + (वाडीतली घरे − १) × साम्याचा गुणांक. साम्य ०.१ धरले तर १ + ९ × ०.१ = १.९. म्हणजे ९६ × १.९ = १८२. दहा टक्के घरे उत्तर देणार नाहीत असे धरून १८२ ÷ ०.९ = सुमारे २०३. म्हणून २१ वाड्या, प्रत्येकी १० घरे.

आता त्याला एक प्रश्न विचारा : त्या दहाही घरांचे पाणी एकाच विहिरीतून येत असेल तर? तेव्हा विहिरीच्या पाण्यापुरते साम्य जवळपास १ होते आणि दहा घरांची दहा मापे म्हणजे प्रत्यक्षात एकच माप. २१० ओळींची फाईल पाहून विद्यार्थ्याला वाटते आपल्याकडे भरपूर माहिती आहे. विहिरी मोजल्या तर त्या पंचवीसही नसतात. विहिरीबद्दलचा निष्कर्ष विहिरींच्या संख्येवरच काढायचा. हे ज्याला पहिल्या वर्षी समजले, त्याच्या पुढच्या निम्म्या चुका टळल्या.

निवडलेले घर बंद मिळाले तर शेजारचे घर घ्यायचे नाही. तीन वेगवेगळ्या वेळी जायचे, त्यातली एक वेळ संध्याकाळची. लावणीच्या दिवसांत दिवसा घरी म्हातारी माणसे आणि मुलेच भेटतात. डांबरी रस्त्याकडेची घरे पटकन होतात, म्हणून तीच जास्त घेतली जातात. पलीकडची, साकव ओलांडून जायची वाडी राहून जाते, आणि अनेकदा वाईट पाणी तिथलेच असते. कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात पुरुष घरी भेटतात. मुलाखतीला हा काळ चांगला. मात्र बोटीवरच्या डिझेलच्या धुराचे किंवा बर्फाच्या पाण्याचे मोजमाप याच काळात करायला गेलात तर मोजायला काहीच नसते.

नमुना घेणे

वर्षात पाच फेऱ्या ठेवा : मे महिन्यात पाणी तळाला गेलेले असताना, जूनमध्ये पहिल्या तीन-चार मोठ्या सरींनंतर, ऑगस्टमध्ये, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि जानेवारीत. जूनची फेरी चुकवू नका. उन्हाळाभर जमिनीवर साठलेले सगळे त्या पहिल्या पाण्याबरोबर विहिरीत उतरते.

प्रत्येक ठिकाणी दोन नमुने घ्या : एक विहिरीचा, एक घरातल्या पिण्याच्या हंड्याचा किंवा माठाचा. विहिरीसाठी निर्जंतुक, वजन बांधलेली बाटली दोराने सोडावी, भिंतीला घासू देऊ नये, पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटीमीटरवर भरावी आणि वर २-३ सेंटीमीटर जागा रिकामी ठेवावी. घरातल्या नमुन्यासाठी ‘प्यायला पाणी द्या’ म्हणावे आणि ते ज्या भांड्याने, ज्या हाताने देतील तसेच बाटलीत घ्यावे. इथे विद्यार्थी हमखास गडबड करतात : पुस्तकात नळ जाळून (तोंड ज्योतीने तापवून निर्जंतुक करून) घ्यायला सांगितले आहे म्हणून घरचा नळही जाळतात, त्यावर बांधलेले फडके सोडतात. नळयोजनेचे पाणी कसे आहे हा प्रश्न असेल तर ते बरोबर. माणूस काय पितो हा प्रश्न असेल तर फडक्यासकटच घ्यायला हवे. कृती प्रश्नावरून ठरते.

बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेले असावे : १२० मिलिलिटरच्या बाटलीला ३ टक्के द्रावणाचे ०.१ मिलिलिटर. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि पाणी होते त्याहून स्वच्छ दिसते. शेवटचे टीसीएल कधी टाकले, ही तारीख प्रत्येक नमुन्याशेजारी लिहा. काल टीसीएल पडलेली विहीर आज चांगलीच दिसणार.

खुणेची चिठ्ठी झाकणावर नको, बाटलीच्या अंगावर लावावी, झाकणे बदलतात. मार्करचे अक्षर बर्फाच्या पाण्याने आणि अल्कोहोलने पुसते, म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी. सुटा बर्फ वापरू नये. वितळलेले पाणी झाकणातून आत शिरते. आइस पॅक घ्यावेत, बाटल्या पिशवीत उभ्या ठेवाव्यात. सहा तासांच्या आत गाळणी व्हावी. दोडामार्गातून रत्नागिरीला नमुने न्यायचे म्हटले तर निम्मा दिवस रस्त्यातच जातो, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या महाविद्यालयात एक टेबल मिळवणे जास्त शहाणपणाचे.

पीएच विहिरीवरच मोजा. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मऊ आणि किंचित आम्ल असते, ६.५ च्या खाली आकडा आला तर दचकू नये. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वाटेत निघून जातो आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पीएच चढतो. मीटर ४ आणि ७ या दोन द्रावणांवर लावून घ्यावा, कारण आपले पाणी या दोहोंच्या मध्ये येते. मऊ पाण्यात आकडा बराच वेळ सरकत राहतो. तो स्थिर होईपर्यंत थांबायचे, घाई करायची नाही.

खाडीकाठच्या विहिरीत मे महिन्यात खारेपणा येतो. तिथे खारेपणा दाखवणारी विद्युतवाहकता भरतीला आणि ओहोटीला, तसेच वर आणि तळाशी, अशी चार वेळा मोजावी. खारे पाणी जड असल्याने खाली बसते आणि वरचा नमुना फसवतो. क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने काढताना आणखी एक खोडा आहे. ही पद्धत पीएच ७ ते १० मध्येच चालते. आम्ल पाण्यात दर्शक म्हणून घातलेल्या क्रोमेटचा रंग उशिरा बदलतो, सिल्व्हर नायट्रेट जास्त लागते आणि नसलेला खारेपणा कागदावर येतो. आधी पीएच वर आणा, मग टायट्रेशन करा.

जंतू मोजणे

पटल-गाळणीत, म्हणजे पाणी गाळून जंतू कागदावर अडवण्याच्या पद्धतीत, ०.४५ मायक्रॉनचा, ४७ मिलिमीटर व्यासाचा कागद वापरतात. तो एम-एफसी या जंतू वाढवण्याच्या माध्यमावर ४४.५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून निळ्या वसाहती (विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जंतूंच्या) मोजायच्या. तापमान ०.२ अंशाहून जास्त हलता कामा नये. साधी उबवणपेटी एकेक अंश वरखाली जाते. ४३ ला नको ते वाढतात, ४६ ला हवे ते मरतात. म्हणून पाण्याची उबवणपेटी घ्यावी. जून-जुलैत वीज जाणारच, तेव्हा इन्व्हर्टर आणि कमाल-किमान तापमान टिपणारा तापमापक हे दोन्ही खरेदीच्या पहिल्या यादीत असावेत. रात्री वीज गेली आणि सकाळी तापमान बरोबर दिसले, एवढ्यावर निकाल मान्य करायचा नाही.

पावसाळ्यात १०० मिलिलिटर गाळले की ताटलीभर वसाहती येतात आणि मोजताच येत नाहीत. म्हणून १००, १० आणि १ मिलिलिटर अशा तिन्ही गाळण्या करा आणि जिच्यावर २० ते ६० वसाहती असतील तीच धरा. १० मिलिलिटरवर ३४ आल्या तर निकाल १०० मिलिलिटरला ३४०. एकही आली नाही तर ‘०’ लिहू नये, ‘१ पेक्षा कमी’ लिहावे.

हायड्रोजन सल्फाइडची पट्टीची बाटली स्वस्त आहे, उबवणपेटीशिवाय चालते आणि २४ ते ४८ तासांत काळी पडून दूषितता दाखवते. शाळांसाठी उत्तम. पण खाडीकाठच्या चिखलातल्या पाण्यात मुळातच सल्फाइड असू शकते किंवा सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात, आणि बाटली विष्ठेशिवायही काळी पडते. अशा जागी फक्त तिच्यावर विसंबू नये.

प्रत्येक फेरीला एक कोरा नमुना हवा : निर्जंतुक पाणी गावात नेऊन, विहिरीजवळ उघडून, पुन्हा बंद करून आणलेले. दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी, म्हणजे त्याच पाण्याचा दुसरा नमुना. कोऱ्या नमुन्यात वसाहत उगवली तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. विद्यार्थ्याला हे जिवावर येते, कारण त्यात त्याचा पूर्ण दिवस गेलेला असतो. मार्गदर्शकाने इथे मुळीच ढिले पडू नये. बाद केलेल्या दिवसाची नोंद वहीत कारणासह राहिली पाहिजे आणि बैठकीत त्यासाठी कुणी रागावता कामा नये. रागावलात तर पुढचा कोरा नमुना तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

प्रश्नावली

‘जुलाब झाले का’ असे विचारू नये. ‘गेल्या सात दिवसांत, २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौचाला जावे लागले असे घरात कोण?’ असे विचारावे. जुन्या घटनांसाठी तारखा विचारू नका. मृगाच्या आधी की नंतर, लावणी सुरू होती का, नारळी पौर्णिमा झाली होती का, असे विचारले की आठवण जागी होते. सिंधुदुर्गात प्रश्न मालवणीत विचारून पाहा आणि दुसऱ्याकडून ते प्रमाण मराठीत परत लिहून घ्या. अर्थ हलला असेल तिथे प्रश्न बदला.

धुराबद्दल विचारायचे असेल तर ‘घरात गॅस आहे का’ या प्रश्नाचे उत्तर जवळपास निरुपयोगी आहे. गॅस असतोच. तरीही आंघोळीचे पाणी परसातल्या चुलीवर नारळाची सोडणे, झावळ्या, पातेरा जाळून तापते, आणि उकड्या तांदळासाठी भातही मोठ्या चुलीवर शिजते. प्रत्येक कामाचे इंधन वेगळे विचारा. स्वयंपाकघरात कणमापक (हवेतले धुराचे कण मोजणारे उपकरण) ठेवायचा तर चुलीपासून १ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, दारा-खिडकीपासून दूर, किमान २४ तास. स्वस्त संवेदक पावसाळ्यात कणांना चिकटलेली ओलही मोजतात आणि आकडा फुगतो. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना घेतलेली मापे, शेजारी ठेवलेल्या, हवा गाळून कणांचे वजन देणाऱ्या गाळणी-यंत्राशी त्याच ऋतूत ताडून पाहिल्याशिवाय वापरू नयेत. उन्हाळ्यात काढलेला दुरुस्तीचा गुणक जुलैत चालत नाही.

सुरक्षितता

एकट्याने जायचे नाही. परतीची एस.टी. कितीला, हे जाण्याआधी वहीत. लावणीच्या शेतात उतरायचे तर गमबूट, पायावरच्या जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, आणि नंतर दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कधीही ताप आला तर डॉक्टरांना ‘शेतात उतरलो होतो’ हे आवर्जून सांगणे. लेप्टोस्पायरोसिसचे निदान उशिरा झाले की महागात पडते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक स्वतःच्या मनाने घ्यायचे नाही. दोडामार्ग परिसरात २०१६ पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत; तिथल्या जंगलात पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, आणि परतल्यावर अंगावर गोचीड शोधणे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने कुणाचेही रक्त घ्यायचे नाही.

निकाल गावाला देणे

दूषित निकाल हाती आला की ४८ तासांत तो त्या घराला, जलसुरक्षकाला आणि आरोग्य केंद्राला कळवायचा. शोधनिबंध नंतर. ‘हे पाणी पिऊ नका’ एवढेच सांगून निघून येणे चुकीचे आहे. दुसरे पाणी नसते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, हे सांगा आणि टीसीएलचा हिशोब विद्यार्थ्याकडून जलसुरक्षकासमोर करून घ्या. विहिरीचा व्यास ४ मीटर, पाण्याची खोली ३ मीटर : ३.१४ × ४ × ४ × ३ ÷ ४ = ३७.७ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. दर १००० लिटरला ३३ टक्क्यांचे टीसीएल २.५ ग्रॅम, म्हणजे ९४ ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे पाणी विहिरीत सोडावे. एक तासानंतर ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरला का हे रंगावरून दाखवणारी) करावी. घरापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. रंगच आला नाही तर पाणी जास्त दूषित आहे किंवा टीसीएल मेलेले आहे. आपल्या दमट हवेत उघड्या पोत्यातले टीसीएल लवकर निकामी होते. २० टक्क्यांखाली गेलेले वापरू नये.

निकाल छापताना वाडीचे नाव देऊ नका. अनेक वाड्यांच्या जुन्या नावांवरून जात कळते, आणि ‘अमुक वाडीचे पाणी घाण’ हे वाक्य पाण्यापुरते राहत नाही. सांकेतिक क्रमांक वापरावा. अक्षांश-रेखांश जाहीर तक्त्यात नकोत.

माहितीची फाईल

मोबाईलवर भरलेले देवनागरी अंक बहुतेक सांख्यिकी प्रणाली संख्या म्हणून वाचत नाहीत. ती जागा गुपचूप रिकामी होते. माहिती भरतानाच अंकांची कळफलक-पद्धत ठरवून द्या. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, नाहीतर ३ जून कधी ६ मार्च होतो ते कळत नाही. ‘विचारले नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘शून्य’ यांना तीन वेगळ्या खुणा. मूळ फाईल कुलूपबंद, काम प्रतीवर. दर दहापैकी एक नोंद दुसऱ्याने वहीवरून पुन्हा भरायची आणि ताडून पाहायची.

जंतूंच्या संख्येची सरासरी साधी काढू नका. एक ३४,००० ची विहीर वीस चांगल्या विहिरींना झाकते. मध्यांक किंवा गुणोत्तर मध्य द्यावा. कोणतेही सांख्यिकी प्रतिमान (मॉडेल) चालवण्याआधी विद्यार्थ्याने हाताने आलेख काढावा : आडव्या अक्षावर पाच फेऱ्या, उभ्या अक्षावर जंतूंची संख्या दहाच्या घातांत, प्रत्येक विहिरीची एक रेघ. जून-ऑगस्टमध्ये वर न गेलेली रेघ दिसली तर तिथे पुन्हा जाऊन कारण शोधायला सांगा. कदाचित ओटा चांगला असेल, कदाचित टीसीएल नियमित पडत असेल, कदाचित नमुनाच चुकला असेल.

लेखकांची नावे आणि त्यांचा क्रम पहिल्या महिन्यातच कागदावर ठरवून सह्या कराव्यात. विद्यार्थी सोडून गेला तर वही, फाईल आणि बाटल्यांची यादी कुणाकडे राहील, हेही त्याच कागदावर लिहावे.